कियांती क्लासिको: आंबट, तुरट, तरी लोक हिच्यामागे एवढे का?

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी, इथे वाईनमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय. माझा मावसभाऊ क्रूझवर असतो, तो यावेळी सुट्टीवर येताना इटलीहून कियांती क्लासिकोच्या दोन बाटल्या घेऊन आला, मानेवर काळा कोंबडा असलेल्या. आमच्याकडे वाईन म्हटली की पोर्ट वाईन, नाताळात साळगावच्या मित्राकडे गेलो की केकबरोबर छोट्या ग्लासात मिळते ती, गोड, दाट, घशाला गरम लागणारी. ही त्याच्या अगदी उलट निघाली. रविवारी संध्याकाळी आम्ही नवराबायकोने गॅलरीत बसून काजूंबरोबर घेतली, पहिल्याच घोटाला आंबट, मग हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, तोंड कोरडं पडलं आणि गोडवा तर औषधालासुद्धा नाही. रंग मला वाटलेला काळपट असेल, तोही नाही, ग्लासातून पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ लाल. बायकोने अर्धा ग्लास तसाच ठेवला. पण एक गोष्ट सारखी डोक्यात राहिली, घोट गेल्यावर मागे काहीतरी रेंगाळत होतं आणि थोड्या वेळाने परत ग्लास उचलावासा वाटत होता. पोर्टच्या बाबतीत असं होत नाही, ती दोन घोटांत पुरे होते.

भाऊ सांगतो तिकडे लोक हिच्यावर जीव टाकतात आणि पिढ्यानपिढ्या हीच पितात. तर विचारायचं असं की हा आंबटपणा आणि तुरटपणा मुळातलाच, की बाटली प्रवासात बिघडली? हिच्यात आवडण्यासारखं नेमकं काय असतं? आणि दुसरी बाटली श्रावण लागायच्या आधी उघडायची आहे, कारण मग आमच्याकडे थेट चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत काही चालत नाही. तिच्याबरोबर आपल्याकडचं काय जाईल? मासे रोज, चिकन-मटण रविवारी, असं आमचं घर आहे. आणि हो, फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर?

तारवटी_साळगाव:

डिचोलीकर बाब, बाटली बिघडलेली नाही, ही वाईन अशीच असते. मनात किंतु नको म्हणून बिघडलेली कशी ओळखायची ते आधी सांगतो. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा वास येतो आणि फळाचा वास मरतो. उन्हाने शिजली असेल तर मुरांब्यासारखा जड वास येतो, रंगाला तपकिरी झाक येते आणि पुष्कळदा बूच बाटलीच्या तोंडाबाहेर सरकलेलं दिसतं. तू लिहिलंस त्यात यातलं काहीच नाही.

मी बरीच वर्षं बोटीवर रेस्टॉरंटमध्ये वाईनचं काम केलं. मेडिटरेनियनच्या फेरीत बोट लिव्होर्नोला लागायची, प्रवासी फ्लॉरेन्स आणि पिसा बघायला जायचे आणि आम्हाला मोकळा वेळ मिळाला की बंदराच्या मागच्या गल्लीत एका खानावळीत जेवायचो. तिथला म्हातारा वाढपी वाईन ओतायचा पण लगेच पिऊ द्यायचा नाही. आधी ब्रेड यायचा, तस्कनीतला, म्हणजे इटलीच्या त्या प्रांतातला, ब्रेड बिनमिठाचा असतो, त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकडलेला पांढरा घेवडा, वर मिरपूड. तो घास खाल्ला की मग ग्लासाकडे बोट दाखवायचा. त्या तेलकट, अळणी घासानंतर तीच वाईन अशी काही लागायची की विचारू नकोस, आंबटपणा टवटवीत वाटायचा, तुरटपणा कुठच्या कुठे जायचा आणि फळ पुढे यायचं. ती खानावळ काही भारी नव्हती, वाईनही रोजचीच, पण ही वाईन काय चीज आहे ते मला तिथे कळलं, बोटीवरच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं कळलं.

कारण सोपं आहे. कियांतीचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे, क्लासिकोत ते कमीत कमी ८० टक्के लागतं, बाकी कानायोलो, कोलोरिनो असली तिथली लाल द्राक्षं किंवा मेर्लो, काबर्ने ही फ्रेंच द्राक्षं. सांजोवेझे उशिरा पिकतं, रंग कमी देतं, पण आंबटपणा आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, भरपूर देतं. बागा डोंगरउतारावर, साधारण २५० ते ६०० मीटर उंचीवर, दिवसा ऊन कडक आणि रात्री गार, त्यामुळे द्राक्ष पिकतं तरी त्यातली आंबट धार जात नाही. जमीनही भुसभुशीत खडकाळ, हातात घेतली तर पापुद्रे सुटतात अशी, तिला तिथे गालेस्त्रो म्हणतात, काही ठिकाणी चुनखडीचा टणक दगड, तो आल्बेरेझे. तेव्हा तुला दिसलेला पातळ लाल रंग म्हणजे हलका माल असं अजिबात समजू नकोस, या द्राक्षाचा रंगच तसा, उलट फार काळीकुट्ट कियांती दिसली तर मी तरी आधी विचारतो की हिच्यात दुसरं किती द्राक्ष घातलंय.

आता हिरड्या आवळल्या ते टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला धरतं म्हणून तोंड कोरडं वाटतं. समोर मांस असेल, चीज असेल, तेल-तूप असेल तर ते त्यालाही जाऊन धरतं आणि जीभ मोकळी राहते. आंबटपणाचं काम वेगळं, तो तोंडाला पाणी सुटवतो आणि तेलकटपणा कापतो, मग पुढचा घास खावासा वाटतो. तुला परत परत ग्लास उचलावासा वाटला ना, तो हाच गुण. हिचं अर्धं रूप जेवणात आहे, नुसती घेतलीस म्हणजे अर्धीच घेतलीस.

वास मात्र नुसता घेतलेला चांगला. ग्लास तिसरा हिस्साच भर, हळू फिरव आणि नाक आत घाल. आधी आंबट चेरीचा वास येतो, आपल्याला पिकत आलेलं करवंद आठवेल, मग वाळलेल्या पानांचा, चहापत्तीचा, कधी चामड्याचा. अर्ध्या तासाने परत घे, वेगळाच असतो. म्हणून बाटली जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी उघड.

फ्रीजचं: रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी हे युरोपातल्या दगडी घरांचं गणित, आपल्याकडे पावसातसुद्धा खोलीत २७-२८ डिग्री असतं. हिला १६ ते १८ डिग्री हवं. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि वाईन सैल पडते, फार गार केलीस तर फळ झोपतं आणि तुरटपणा बोचतो. साध्या फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेव आणि काढ, बस. गॅलरीत घेतलीस म्हणतोस, तिथे ग्लासातच ती गरम झाली असणार, म्हणून थोडी थोडी ओत.

रांधप:

तारवटी दादांनी छान सांगितलंय, आता ताटातलं मी सांगते. आमच्या घरी फोंड्याला ही वाईन दरवर्षी एखाददुसरी येते, माझी नणंद मिलानला असते, त्यामुळे गोंयच्या जेवणाबरोबर काय जमतं आणि काय नाही हे मी आवडीने करून बघितलंय.

डिचोलीकर भाऊ, पहिली गोष्ट, बांगडा, तारले, पेडवे यांच्याबरोबर अजिबात नको. रेड वाईनमध्ये थोडं लोह असतं आणि तेलकट माशाच्या चरबीशी ते जुळत नाही, तोंडात एक धातूसारखी हिंवस चव येते जी पाणी पिऊनसुद्धा जात नाही. चूक वाईनचीही नाही आणि बांगड्याचीही नाही. हुमणाबरोबरही (माशांच्या आमटीबरोबर) नको, तिथे नारळ, चिंच आणि तिरफळ यांचा जो मेळ असतो त्यात या वाईनला जागाच नाही, हुमण आपलं शितावरच छान.

दुसरी गोष्ट, तिखट. मिरचीची आग टॅनिनने वाढते, कमी होत नाही. म्हणून झणझणीत विंदालूबरोबर ही उघडून लोक निराश होतात आणि मग वाईनला नावं ठेवतात. शागोती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचा रस्सा) करा पण मिरची निम्मी करा, खसखस, बडीशेप, दगडफूल आणि भाजलेलं खोबरं नेहमीसारखंच ठेवा. भाजलेल्या खोबऱ्याचा जो खमंग कडवट वास असतो ना त्याच्याशी सांजोवेझेचा वाळल्या पानांचा वास इतका जुळतो, मला तर मटणाच्या शागोतीबरोबर ही वाईन पोर्टपेक्षा शंभर पटींनी योग्य वाटते. वरून चमचाभर तूप सोडलं तर अजून बरं.

पण मला विचाराल तर या दिवसांत एकच पदार्थ, अळमी, म्हणजे पावसाळ्यातले रानटी मशरूम. आता पाऊस स्थिरावला की रोयणीवरची (वारुळावरची) अळमी बाजारात यायला लागतील, फोंड्याहून वाळपईकडे जाताना रस्त्याच्या कडेला पानांत बांधून घेऊन बसतात. किंमत ऐकून माणूस मागे सरतो हे खरं, पण श्रावणाच्या आधी एकदा घ्याच. ती स्वच्छ करायला वेळ लागतो, देठाची माती सुरीने खरवडायची, पाण्यात भिजत घालायची नाहीत, नुसतं पाणी मारून लगेच निथळायची. मग शागोतीचंच वाटण पण हलकं, खोबरं लालसर भाजलेलं, आणि शिजवताना झाकण ठेवू नका नाहीतर पाणी सुटून फोफशी होतात. अळम्यांना मातीचा, ओल्या जंगलाचा वास असतो आणि थोड्या जुन्या कियांतीलाही तसाच एक वास येतो, दोन्ही एकत्र आले की माझे सासरे, जे एरवी वाईनला हात लावत नाहीत, त्यांनी स्वतःहून ग्लास पुढे केला होता.

मांसाहार नको त्या दिवशी आळसाण्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याचा रस्सा) आणि पाव, तेही चालतं, कडधान्य आणि ही वाईन यांचं जमतं, दादांनी घेवडा म्हटलाच आहे. आणि चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव) असेल तर चोरीस कांदा घालून बराच वेळ परता म्हणजे व्हिनेगरचा झणका उतरतो. चरबी भरपूर असल्यामुळे तुरटपणा कुठे जातो ते कळतही नाही.

कुळागर_सत्तरी:

चर्चा चांगली चालू आहे म्हणून मध्ये थोडा इतिहास घालतो, कारण ही वाईन आंबट-तुरट का राहिली आणि मध्ये तिची रया का गेली होती हे त्यात आहे. मी शेतकरी माणूस, मला त्यातला जमिनीचा भाग जास्त जवळचा वाटतो.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला हा डोंगराळ पट्टा. १७१६ साली तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने फर्मान काढून कियांतीसह चार भागांच्या हद्दी ठरवल्या, म्हणजे या हद्दीबाहेरची वाईन या नावाने विकायची नाही. आपल्याला पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याचं नाव माहीत असतं, त्याने पोर्टसाठी डौरो खोऱ्याची हद्द आखली ती १७५६ साली, म्हणजे हे त्याच्याही ४० वर्षं आधीचं. जगातली ही अशी सगळ्यात जुन्या हद्दींपैकी एक.

मग बेत्तिनो रिकासोली. हा ब्रोलिओच्या किल्ल्याचा बॅरन, पहिला पंतप्रधान कावूर याच्यानंतर १८६१ मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला. राजकारण सोडून तो बागेत रमला आणि बरीच वर्षं निरनिराळी द्राक्षं मिसळून बघून १८७२ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्रात त्याने आपला निष्कर्ष कळवला. सांजोवेझेने वास आणि जोर येतो, कानायोलोने त्याचा ताठरपणा मऊ होतो, आणि मालव्हाझिया हे पांढरं द्राक्ष वाईन हलकी करतं, म्हणून लगेच प्यायच्या वाईनमध्ये ते घाला, मुरवायच्या वाईनमध्ये टाळा. किती नेमकं बोलणं आहे बघा. पुढे लोकांनी शेवटचं वाक्य सोडून दिलं. १९६७ साली कायदा झाला त्यात पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के घालणं सक्तीचं केलं, मग स्वस्तातलं त्रेब्बियानो भरमसाठ पडायला लागलं आणि वाईन पातळ, फिकी, नुसती आंबट झाली. गवताने विणलेल्या बाटल्या, ज्यांना फियास्को म्हणतात, त्या जगभर खानावळींच्या टेबलावर मेणबत्ती लावायला प्रसिद्ध झाल्या आणि आतल्या वाईनची किंमत गेली. त्या बाटलीचा बुडाचा आकार गोल, ती उभी राहत नाही म्हणून आणि फुटू नये म्हणून गवताची वेणी, मूळ कल्पना अगदी कामाची होती.

आता जमिनीचं. तिथे मेझाद्रिया नावाची पद्धत होती, कूळ जमीन कसणार आणि पीक मालकाबरोबर अर्धं अर्धं वाटून घेणार. शेतही एका पिकाचं नसायचं, आपल्या कुळागरात जसं माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरी आणि खाली केळी असतात तसं, द्राक्षाचे वेल झाडांवर चढवलेले, मध्ये ऑलिव्ह, खाली गहू. १९६४ साली इटलीत कायदा झाला आणि नवीन अर्धेलीचे करार बंद झाले. आपल्याकडे गोव्यात कूळ कायदा आला तोही १९६४ सालीच! तिकडची कुळं शहरातल्या कारखान्यांत गेली, घरं ओस पडली, आणि उरलेल्यांनी घाईघाईत नुसत्या द्राक्षाच्या रांगा लावल्या, त्यात जास्त उत्पन्न देणारी पण दर्जाने सुमार रोपं लावली. सत्तरच्या दशकातली वाईन वाईट होती त्याचं हे मोठं कारण, नुसता पांढऱ्या द्राक्षांचा दोष नाही.

त्यातून बाहेर काढलं तेही हट्टी लोकांनी. आंतिनोरी घराण्याने १९७१ पासून तिग्नानेल्लो नावाने वाईन काढली, कियांती नाव लावलंच नाही. मोन्तेव्हेर्तिनेने १९७७ मध्ये निव्वळ सांजोवेझेची ले पेर्गोले तोर्ते केली, जी तेव्हाच्या नियमात कियांती म्हणून बसतच नव्हती. नियमाबाहेरची वाईन नियमातल्या वाईनपेक्षा चांगली आणि महाग, असं झाल्यावर नियम बदलावेच लागले. १९९६ पासून क्लासिकोत १०० टक्के सांजोवेझेला परवानगी आली आणि २००६ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण बंद. डिचोलीकर, तुमच्या बाटलीत जी धार लागली ती या सगळ्या भांडणानंतर परत मिळालेली धार आहे.

काळ्या कोंबड्याची दंतकथा भावाला विचारा, तिकडे पोराटोरांना पाठ असते. फ्लॉरेन्स आणि सिएनाने हद्द ठरवायला पहाटे कोंबडा आरवला की घोडेस्वार सोडायचे ठरवलं, फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो उजाडायच्या आधीच ओरडला, स्वार लवकर सुटला आणि बहुतेक सगळी कियांती त्यांच्याकडे गेली. १९२४ साली राद्दा गावात ३३ उत्पादकांनी संघ काढला तेव्हा तोच कोंबडा चिन्ह म्हणून घेतला.

मडगाव_जंक्शन:

सगळं पटलं, पण नवीन माणसाला अर्धंच चित्र दिसायला नको म्हणून लिहितो. कियांती नावाची प्रत्येक बाटली अशी नसते. नुसतं कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या वाईन आहेत, नियम वेगळे, जागा वेगळी. १९३२ साली सरकारी समितीने कियांतीची हद्द एवढी वाढवली की मूळ डोंगराच्या आजूबाजूचा बराच मुलूख त्यात आला, मूळ भागाला मग क्लासिको म्हणायची वेळ आली. साध्या कियांतीत सांजोवेझे ७० टक्के असलं तरी चालतं. त्यात रुफिनासारख्या उंचावरच्या भागातल्या वाईन उत्तम असतात, मुरतातही छान, पण दुकानात खालच्या फळीवर असतात त्यातल्या पुष्कळ पातळ आणि कोरड्या. आपल्याकडे आयात शुल्क एवढं आहे की तिकडची रोजची साधी बाटली इथे घेताना खिसा हलतो, आणि त्या पैशात पातळ वाईन मिळाली की माणूस परत त्या वाटेला जात नाही. म्हणून मी म्हणतो घ्यायची तर क्लासिकोच घ्या नाहीतर घेऊ नका. गोव्यात दुकानात बाटल्या कशा ठेवतात तेही बघा, एका दुकानात मी काचेच्या शोकेसमध्ये दुपारच्या उन्हात उभ्या ठेवलेल्या इटालियन बाटल्या बघितल्यात, मे महिन्यात. अशी बाटली कितीही नावाची असो, घेऊ नये.

दुसरं, रिझेर्वा आणि ग्रान सेलेत्सिओने बघून भुलू नका. साधी क्लासिको १२ महिने, रिझेर्वा २४ महिने, ग्रान सेलेत्सिओने ३० महिने मुरवतात, किंमत त्याप्रमाणे चढते. पण कियांतीची जी गंमत तारवटी दादा सांगतायत, ती जेवणाबरोबरची टवटवी, ती मला साध्या क्लासिकोतच जास्त मिळते. मोठ्या जुन्या लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर फळ स्वच्छ राहतं, नवीन छोट्या फ्रेंच पिंपांत मुरवली की व्हॅनिला आणि लाकडाचा वास वर बसतो आणि मग ती कुठलीही रेड वाईन वाटते.

तिसरं म्हणजे सांजोवेझे आपल्या महाराष्ट्रातही होतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची बाग आहे, पिएरो मासी नावाचा तस्कनीचाच वाईनमेकर तिथे आला, आणि त्यांच्या सेत्ते या वाईनमध्ये सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों असतं. हवामान वेगळं त्यामुळे कियांतीची धार तिच्यात नसते, फळ जास्त पिकलेलं लागतं. पण द्राक्षाची ओळख करून घ्यायला, कमी पैशात, चांगली सोय आहे.

तारवटी_साळगाव:

जंक्शन बाब, पिंपांबद्दल आणि साध्या क्लासिकोबद्दल शंभर टक्के बरोबर. रिझेर्वाबद्दल मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. चांगल्या साली केलेली रिझेर्वा आठ-दहा वर्षांनी उघडली की जो वास येतो, वाळलेली फुलं, तंबाखू, ओली माती, तो साध्या क्लासिकोत मिळणार नाही, आणि तुरटपणा तोवर विरघळून रेशमासारखा झालेला असतो. ही आंबट धार आहे म्हणूनच ती इतकी वर्षं टिकते, गुळमट वाईन एवढी टिकली नसती. फक्त आपल्या हवेत घरी दहा वर्षं मुरवायच्या भानगडीत पडू नये, तिथे तुझं बरोबर.

आणि रांधप ताई, माशाबद्दल थोडं. बांगड्याचं तुमचं बरोबरच आहे, पण लिव्होर्नोचं स्वतःचं कालवण आहे, काच्चुक्को, ऑक्टोपस, कटलफिश, खडकातले बारीकसारीक मासे, टोमॅटो, लसूण, थोडी लाल मिरची, आणि शिजवतानाच त्यात रेड वाईन घालतात, भाजलेल्या ब्रेडला लसूण चोळून त्यावर वाढतात. बंदरावरचे लोक ते रेड वाईनबरोबरच खातात. टोमॅटोचा आंबटपणा आणि वाईनचा आंबटपणा एका पातळीवर येतो आणि माणक्यो (स्क्विड), ऑक्टोपस यांच्यात बांगड्यासारखं तेल नसतं. डिचोलीकरच्या घरी मासे रोज, तर माणक्यांचं टोमॅटोत काहीतरी करता येईल का ते तुम्हीच सांगा.

रांधप:

येईल की! माणक्यो गोल कापा, भरपूर लसूण ऑलिव्ह तेलात किंवा साध्या तेलात परता, दोन सुक्या मिरच्या, मग पिकलेले टोमॅटो सालं काढून, आणि त्या वाईनचाच अर्धा कप. नारळ नाही, चिंच नाही, सोलां (आमसुलं) नाहीत. माणक्यो एकतर तीन मिनिटं शिजवा नाहीतर पाऊण तास, मधल्या वेळेला रबर होतात. या पदार्थाला पाऊण तासच बरा, रस्सा दाट होतो. पोई (आपला कोंड्याचा पाव) घ्या बरोबर, विस्तवावर भाजून, वर लसूण चोळून.

डिचोलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बायकोला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते अळमी मिळाली तर अळमी, नाहीतर माणक्यो, पावसाळ्यात बोटी बंद त्यामुळे माणक्यांचाही भरवसा नाही. कुळागर दादा, १९६४ चं वाचून वडील एकदम उठून बसले, आमचीही कुळाचीच जमीन, त्यांनी तासभर मला जुन्या गोष्टी सांगितल्या.

तारवटी काका, अजून एकच. श्रावणाच्या आधी जमलंच नाही तर ही बाटली चवथ होईपर्यंत कुठे ठेवू? आणि उघडल्यावर उरली तर किती दिवस चालते? आम्ही दोघंच पिणारे, एका रात्री बाटली संपत नाही.

तारवटी_साळगाव:

न उघडलेली असेल तर फ्रीजच्या भाजीच्या खणात आडवी ठेव, दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. किचनच्या वरच्या कपाटात किंवा फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथेच सगळ्यात जास्त उष्णता असते. पावसात बाहेर ठेवलीस तर लेबलला बुरशी येईल, वाईनला काही होत नाही पण उष्णतेची चढउतार नको. आडवी अशासाठी की बूच ओलं राहावं.

उघडलेली परत बूच घालून फ्रीजमध्ये उभी ठेव, तीन दिवस छान राहते, दुसऱ्या दिवशी तर कधी कधी पहिल्या दिवसापेक्षा मऊ लागते. प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढ. चौथ्या दिवशी चव उतरली असेल तर फेकू नकोस, माणक्यांच्या रश्श्यात घाल. आणि माणक्यांसाठी ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या की म्हापशाच्या बाजारात सकाळी लवकर जा, बारक्या घे, मोठ्या नको.